मिलकाबाईचं कबरस्तान

गावाचं नाव मी लिहिणार नाही. अकोल्याहून अकोट आणि अकोटहून अचलपूरचा रस्ता धरला की वाटेत ते लागतं, एवढं पुरे. तिथल्या पालिकेशी आमचं अजून मिटलेलं नाही, आणि ज्या साहेबाने शेवटी थोडी लाज राखली त्याला माझ्या लिखाणाचा त्रास नको. बाकी सगळं जसं घडलं तसं सांगते.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. एवढं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. तुम्ही मूळच्या इस्राएलच्या का? आणि मग तिकडे गेला का नाहीत? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: माझं आडनाव झिराडकर, म्हणजे कोकणातलं गाव आडनावातच आहे, वाचून घ्या. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं मी साठी उलटल्यावर सोडून दिलं. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवत. पुढे त्यांची मुलंबाळं पलटणीत, दवाखान्यात, रस्त्यांच्या कामावर आणि जिनिंग फॅक्टऱ्यांत नोकऱ्या धरून पार वऱ्हाडापर्यंत पोचली, हे ठाण्यातल्या आमच्याच माणसांना सांगितलं तरी त्यांना खरं वाटत नाही. माझे आजोबा त्यांतले एक. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून आले आणि तिथल्याच काळ्या मातीत पुरले गेले. त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मिलका आत्या, त्या गावात जन्मली, तिथेच शिवणक्लास चालवून म्हातारी झाली, आणि आज त्या गावातली शेवटची यहुदी आहे.

तिला ठाण्याला घेऊन यायची कामगिरी घरच्यांनी माझ्यावर टाकली होती. ऐंशीच्या पुढची बाई, एकटी, उद्या काही झालं तर आपल्या रीतीने माती द्यायला तिथे आहे कोण? त्यांचं म्हणणं मलाही पटलं होतं. म्हणून जातानाचं एक तिकीट काढलं आणि येतानाची दोन.

अकोट रस्ता

दिवाळी होऊन गेली होती. अकोल्याला उतरले तेव्हा सकाळची थंडी अंगाला झोंबत होती आणि एसटी स्टँडवर लोक कानटोप्या घालून कचोरी खात होते. मीही खाल्ली. तिच्यासोबत तळलेली मिरची देतात. ती मी ठाण्याच्या हिशेबाने अख्खी तोंडात टाकली आणि अकोटची गाडी लागेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले, "माहेर सोडून चालल्या काय बाई?"

खरी फजिती पुढे झाली. आत्याला समुद्राची मासळी कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आमच्या रीतीने कापलेलं मटण तर तिकडे मिळतच नाही, त्यामुळे ती जवळपास शाकाहारीच झालेली. म्हणून मी पिशवीत सुके बोंबील घेतले होते, तीन पिशव्यांत एकात एक बांधून. अकोट येईपर्यंत त्या तिन्ही पिशव्यांनी हार मानली. खिडक्या उघडल्या गेल्या. मागच्या सीटवरचं पोर रडायला लागलं. कंडक्टर वास घेत घेत माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाई, काय हाय वो पिशवीत? मेलं गिलं का कोनी?"

"बोंबील आहेत. मासे."

"मंग थे मेलेलेच झाले न," तो म्हणाला आणि त्याने माझी पिशवी टपावर नेऊन बांधली. सगळ्या गाडीने त्याचे आभार मानले.

बाहेर वेचणीला आलेली कपाशीची पऱ्हाटी, मध्ये तुरीचे पट्टे, सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, जी गाडी कितीही पळाली तरी तेवढ्याच अंतरावर राहते. ओळखीचं एकही झाड नाही. ना नारळ, ना पोफळ. आजोबा इथे उतरले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी करत होते.

आत्याचं घर

दोन खोल्या, पुढे ओटा, आणि दारातून आत पाहिलं की पहिलं दिसतं ते शिलाई मशीन. दाराच्या चौकटीला मेझुझा आहे. देवाचं वचन लिहिलेला कागद आत ठेवलेली ती छोटी नळी आमच्यात प्रत्येक दाराला असते. शिवायला येणाऱ्या बायका आत येताना तिला हात लावून नमस्कार करतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आत्या करते म्हणून त्या करतात. शनिवारी मशीन बंद असतं हेही अख्ख्या गावाला पाठ आहे. मिलकाबाईचा मारुतीचा शनिवार कडक असतो, असं मला एका बाईने कौतुकाने सांगितलं. आत्या आतून ओरडली, "मारुतीचा नाही वो बापा! सत्तर वर्सं झाली सांगून राहिली!"

मला पाहून तिने आधी बोंबलांचा वास घेतला आणि डोळे मिटले. मग माझी खबरबात घेतली. रात्री ज्वारीची भाकरी, पाटवडीचा तर्रीदार रस्सा आणि बोंबलाची चटणी असं जेवण झालं. असं ताट ना कोकणात कोणी वाढेल ना वऱ्हाडात. आमच्या घरी सणाला मलिदा करतात, भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओला नारळ. आत्याच्या मलिद्यात सुकं खोबरं असतं आणि तिला तोच खरा वाटतो.

जेवताना मी तिकिटांचा विषय काढला.

"दोन?" आत्या म्हणाली. "दुसरं कोनाचं? कोन येऊन राहिलं तुयासंगं?"

"तू."

"मी? काहून?"

मी घोकून आणलेलं सगळं सांगितलं. दवाखाना, एकटेपणा, आणि शेवटी माती देण्याचंही. आत्याने शांतपणे भाकरी संपवली.

"पोट्टे, माय इथं, बाप इथं, भाऊ इथं. मी काय ठान्याले अनोळखी मानसाईत जाऊन निजू? माही जागा ठरली हाये. उद्या सकाळी दाखवतो तुले."

ती 'दाखवतो' म्हणते, 'दाखवते' नाही. वऱ्हाडात बाया अशाच बोलतात, आणि माझी यहुदी आत्या त्यांच्यातलीच आहे.

कबरस्तान

गाव त्याला मिलकाबाईचं कबरस्तान म्हणतं. जिवंतपणी कबरस्तान नावावर असलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. घरापासून चार पावलांवर, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला दादाराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर. आत पंचवीसेक कबरी असतील. एकही सरळ नाही. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशी दगडांना दरवर्षी थोडी थोडी हलवते. कोणी पूर्वेला कललेलं, कोणी पश्चिमेला, दोन तर एकमेकांच्या अंगावर रेललेले. दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी. एक कंपाउंडर, एक जिनिंग फॅक्टरीतला इंजीन ड्रायव्हर, एक शाळामास्तर आणि त्याची तीन तान्ही मुलं. एके काळी इथे सणाला एका घरात सगळी मंडळी मावत नसत, आत्या सांगत होती. मग काही मुंबईला गेले, बाकीचे विमानाने इस्राएलला. आमचे आजोबा त्याआधीच वारले होते, आत्याचा भाऊ शमुवेल काका पुष्कळ नंतर. त्याच्यानंतर इथे कोणी मेलं नाही, कारण मरायला आत्याखेरीज कोणी उरलंच नाही.

काकाच्या शेजारची मोकळी जागा तिने चपलेच्या टोकाने दाखवली. "हे माही."

फाटकाच्या खांबावर पालिकेचा कागद चिकटवलेला होता. जागा दीर्घकाळ वापरात नाही, दफनविधी होत नाहीत, सबब तिथे व्यापारी गाळे बांधण्याचं प्रस्तावित आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावं, शनिवारी स्थळपाहणी होईल आणि झुडपं काढून जागा साफ केली जाईल.

"आत्या! हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतं तू? आनखी एक तिकीट काढलं असतं."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि मग खरोखर राग आला. रागाचं कारण गाळे नव्हते. 'वापरात नाही' हे शब्द होते. माझे आजी-आजोबा तिथे समोर पडलेले होते आणि कुणीतरी टेबलावर बसून ते वापरात नाहीत असं लिहिलं होतं.

मी तडक पालिकेत गेले. कागदाचं काम ज्यांच्याकडे होतं ते इंजिनिअर तरुण होते, सभ्य होते, मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते. पण नियम असा आहे की दफन चालू असेल तरच ती दफनभूमी. तुम्ही असं करा, इस्राएलच्या दूतावासाचं एखादं पत्र आणा."

"दूतावासाचं कशाला?" मी विचारलं. "तुम्ही रोज ज्या रस्त्याने येता ना, त्याची खडी माझ्या आजोबांनी टाकून घेतली आहे. त्या रस्त्याचं पत्र चालेल का?"

त्यांना हसू आलं. चालू दफन पाहिजे, एवढंच ते पुन्हा म्हणाले.

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. ती एका ब्लाउजला हुक लावत होती.

"म्हंजे मी मेल्याबिगर माही जागा माही नाही, असंच न?"

"असंच."

"अन् शनवारच्या आत मराले पायजे. पन शुक्रवारी मले तिघीचे ब्लाउज द्याचे हायेत." ती हुक लावत राहिली. मग दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "आत जा. कपाट उघड."

कपाट

कपाटात पुस्तकं होती. प्रार्थनेची, सणांची, उपासाच्या दिवसांची. एका पानावर हिब्रू, समोर मराठी. गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने चांगली पुस्तकं सोबत नेली आणि फाटकी आत्याकडे आणून दिली होती, तू आहेस ना म्हणून. पानं पिवळी पडून सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, काहींना नुसते पुठ्ठे उरलेले. देवाचं नाव लिहिलेला कागद आम्ही जाळत नाही, फाडत नाही, रद्दीत घालत नाही. तो जीर्ण झाला की माणसासारखा मातीत पुरतो, कबरस्तानातच. पुष्कळदा एखादं माणूस गेलं की त्याच्या सोबतच असली पुस्तकं ठेवतात.

"हे माह्यासंगंच जानार होते," आत्या म्हणाली. "आता माह्या आधी जातीन. शुक्रवारी, दिवा लावाच्या आधी."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले आणि हसता हसता माझा पाय खाली ठेवलेल्या एका पुस्तकाला लागला. मी खाली वाकून पुस्तकाला हात लावला आणि कपाळाला नेला, शाळेत लागलेली सवय.

"हे आपल्यात नसते," आत्या म्हणाली.

"तू नाही करत?"

"करतो न," ती म्हणाली.

कपाटाच्या खालच्या खणातून तिने पांढऱ्या कापडाची घडी काढली. मांजरपाटाची, हाताने शिवलेली. मला उलगडून दाखवली तेव्हा ते काय आहे ते लक्षात आलं आणि मी हात मागे घेतला. ते तिचं स्वतःचं कफन होतं. झगा, सलवार, डोक्याचं फडकं, सगळं तयार. आमच्या रीतीप्रमाणे त्याला खिसा नव्हता आणि शिवणीच्या दोऱ्याला कुठेही गाठ नव्हती. माझ्या आजीचं तिने शिवलं होतं, काकाचं शिवलं होतं, आणि स्वतःचं शिवून कित्येक वर्षं ठेवलं होतं, कारण तिचं शिवायला कोणी नव्हतं.

"उघडी पुस्तकं मातीत टाकतेत काय कोनी?" असं म्हणून तिने कात्री घेतली.

"आत्या, नको! दुसरं कापड आणू. मी बाजारात जाते."

"गप राय. दुसरं कापड म्हंजे पार्सल होईन थे. मयत झाली पायजे, मयत."

तिने शिवणी उसवल्या आणि कापडाचे चौकोन कापले. मग आम्ही दोघींनी एकेक जुडी बांधायला घेतली.

शुक्रवार

खबर गावात सुमनताईंनी नेली. सुमन वानखडे आत्याच्या पहिल्या बॅचची विद्यार्थिनी, पुढे सरकारी नोकरीत गेल्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या. त्या आल्या, पांढऱ्या जुड्या पाहिल्या, आणि पुस्तकं पुरायची आहेत हे ऐकून म्हणाल्या, "बरं केलं बाई. आमच्या घरी पोटाले चिमटा घेऊन पुस्तकं घेतली मायबापानं. पुस्तक किलोवर विकाले काढलं त माही माय आजही उपाशी झोपते." मग त्यांनी विचारलं, "पांढरं नेसून आलं त चालते न तुमच्यात?"

"तुमच्यात जसं नेसते, तसं नेस," आत्या म्हणाली.

दुपारी दादारावांनी खड्डा खणला. वावरातली तूर सोडून आले होते. कुदळ वर येताना दरवेळी किलोभर माती चिकटून वर यायची आणि ते तिला शिव्या द्यायचे, मग आत्याकडे बघून माफी मागायचे. जागा त्यांनी विचारली तेव्हा आत्याने शमुवेल काकाच्या पायाशी दाखवली, शेजारी नाही. शेजारची तिने राखून ठेवली.

चार वाजायच्या सुमारास बायका यायला लागल्या. शिवणक्लासच्या बायका, म्हाताऱ्या, मधल्या, दोघी-तिघी नुकत्या लग्न झालेल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. बौद्धवाड्यातल्या होत्या, पाटलांच्या घरच्या होत्या, काही मुसलमान बायका पांढऱ्या ओढण्या घेऊन आल्या. सगळ्या आत्याने शिवलेलं पोलकं घालून आल्या असाव्यात, मला तरी तसं वाटलं. आम्ही जुड्या एका खाटेवर ठेवल्या आणि चौघींनी खाट उचलली. घरापासून कबरस्तानापर्यंतच्या रस्त्यावर एक मोटरसायकलवाला थांबला, त्याने गाडी बंद केली आणि हात जोडले. कोण गेलं, असं त्याने विचारलं नाही. त्याला कशाला विचारायला हवं होतं? खाट होती, पांढरं कापड होतं, माणसं मागून चालत होती.

आमच्यात माणूस पुरताना कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. त्या गावात एकही नव्हता. पुस्तकांसाठी कद्दीशची सक्ती नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिने हे योजलं होतं. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि खणखणीत आवाजात शेमा म्हणाली. हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. आधी हिब्रूत, मग मराठीत. तिचं हिब्रूही वऱ्हाडी आहे. मला रडू कोसळलं. सुमनताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मूठभर माती उचलून आत टाकली. मग सगळ्यांनी टाकली. दादारावांनी वर माती ओढून उंचवटा केला आणि नवीन लग्न झालेल्या मुलींनी त्यावर झेंडू ठेवले. आमच्यात फुलं वाहत नाहीत, पण आत्याने ते तसेच राहू दिले.

घरी येऊन आम्ही शब्बाथचा दिवा लावला; आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो. काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत प्यालो, भाकरीवर आशीर्वाद म्हटला. आत्या जेवली आणि लगेच झोपली. मला भीती वाटत होती. पुस्तकं पुरली म्हणून उद्या कोणी गाळे बांधायचं थांबतं का?

शनिवार

सकाळी आम्ही जाऊन काकाच्या कबरीच्या कठड्यावर बसलो. इंजिनिअर आले. त्यांच्यामागे जेसीबी आला, पिवळा, धुरळा उडवत. सुमनताई आधीच फाटकाशी उभ्या होत्या, दादाराव बांधावर.

फाटकातून आत येताच इंजिनिअर थबकले. कललेल्या दगडांच्या मध्ये ताज्या काळ्या मातीचा उंचवटा आणि त्यावर कालचे झेंडू.

"कोण वारलं?" त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं.

खोटं बोलायची ही वेळ होती. माझ्या जिभेवर एक नावही आलं होतं. पण आत्या म्हणाली, "कोनी नाही वारलं. पुस्तकं पुरली. देवाची."

त्यांचा चेहरा बदलला. "मिलकाबाई, हा पालिकेला फसवायचा प्रकार आहे."

"फसवतो कुठं बापा? तुनं इचारलं, मी सांगतलं. तू म्हनला, दफन चालू पायजे. आमच्यात पुस्तकाचंही दफनच असते. चालू हाये."

"पुस्तक म्हणजे मयत नाही!" ते म्हणाले आणि वळून जेसीबीच्या ड्रायव्हरला हात केला. "चला. आधी बाभळी काढा, मग हे सपाट करा."

ड्रायव्हरने इंजीन बंद केलं. मग तो खाली उतरला, उंचवट्याकडे आला आणि लांबच थांबला.

"साहेब, ह्याच्यात पुस्तकं हायेत?"

"हो. फाटकी पुस्तकं."

"मंग मी जेसीबीचा दात नाही लावत."

"अरे, मयत नाही ती!"

"मयत असती त तुमच्या सांगन्यावर मी इचार बी केला असता," ड्रायव्हर म्हणाला. "पन पुस्तकाले पाय लागला त आपन पाया पडतो. अन् तुमी मले जेसीबी लावाले सांगता? माह्या पोरीची बारावी हाय, साहेब."

इंजिनिअर चिडले. चिडून दोन पावलं पुढे आले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचा बूट उंचवट्याच्या कडेवर पडला. माती थोडी घसरली.

आत्या जागेवरून हलली नाही. तिने नुसतं सांगितलं, शिवणक्लासातल्या मुलीला टाका चुकल्याचं सांगावं तसं. "पाय लागला तुया, पुस्तकाले."

त्यांचा हात आपोआप खाली गेला. मातीला बोटं लावली, छातीला लावली. हे सगळं त्यांच्या लक्षात येण्याच्या आधीच घडून गेलं होतं. मग ते तसेच उभे राहिले, बोटांना लागलेली काळी माती बघत. ड्रायव्हरने तोंड फिरवलं.

शेवटी त्यांनी रुमाल काढून बोटं पुसली. "काल इथे दफन झालं," ते आत्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या पाहणीत मी एवढंच लिहितो. पुढचं वरच्यांनी ठरवायचं. तुम्ही खाली सही करा."

"आज नाही करत," आत्या म्हणाली. "शनवार हाये."

"मारुतीचा?"

"नाही वो बापा!" आत्या आणि सुमनताई एकदमच ओरडल्या.

सही आत्याने रविवारी केली, त्यांनी कागद घरी आणून दिला तेव्हा. येताना त्यांनी दारातल्या मेझुझाला हात लावला होता. गाळ्यांचा विषय वरच्यांकडे आहे. तो परत येईल, मला माहीत आहे, अशा जागा कोणी सहजासहजी सोडत नाही. येऊ दे. आता ठाण्यातले आमचे सात-आठ जण हरकत पाठवून बसले आहेत आणि दादारावांनी स्वतःहून फाटकाला नवीन कुलूप लावलं आहे.

रविवार

माझी गाडी संध्याकाळची होती. दुसऱ्या तिकिटाचं नाव मी काढलं नाही, आत्यानेही काढलं नाही. दुपारी ती बाजारातून मांजरपाट घेऊन आली, धुऊन वाळत घातला, आणि वाळल्यावर जमिनीवर अंथरला. तिचं जुनं तर परवा पुस्तकांसोबत गेलं होतं. मी सुईत दोरा ओवून दिला आणि सवयीने टोकाला गाठ मारायला गेले, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"गाठ नाही मारत ह्याले. बह्याड."

मी बॅग भरत होते. कात्री चालल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला.

"एक माह्यं होऊन कापड उरून राहिलं," आत्या म्हणाली. "उभी राय. सरळ."

तिच्या हातात टेप होता. मला कळलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. "आत्या, मी ठाण्यात राहते."

"राय न. कोन नाही म्हनते? ह्याच्यासाठी त शेवटीच याचं हाये. तुयं तिकडं कोन शिवन? रेडीमेड आनतीन." तिने टेप झटकून सरळ केला. "काकाच्या त्या बाजूनं अजून एक जागा हाये. पालिकेले सांगून ठेवजो, दोघी येनार हावो म्हना. हात वर कर."

मी हात वर केले. तिने खांद्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, छातीभोवती टेप फिरवला, आकडा तोंडात पुटपुटली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थोडं ढिलं ठेवतो," ती म्हणाली. "अजून वाढशीन तू."